पद नाही, खुर्ची नाही, तरी त्याचाच शब्द चालते, हे नेमकं कसं?

नाल्याकाठचा

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो, पण हे मनातून जातच नाही म्हणून इथे विचारतो.

आमचं लेआऊट रिंग रोडच्या पलीकडे आहे, नाव सांगत नाही. मधून नाला जातो, त्यावर जुना ठेंगणा रपटा. दोन तास धो धो पाऊस झाला की रपटा पाण्याखाली, मग पोरांची स्कूल व्हॅन अलीकडे अन् घरं पलीकडे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तर सगळ्यांनाच आठवत असेल, अंबाझरी तलाव ओसंडून नागपूर शहरात पाणी शिरलं होतं. त्या दिवशी आमच्या रपट्याचा एका बाजूचा कठडाच वाहून गेला.

त्यानंतर आम्ही सहा-सात घरचे लोक मिळून अर्ज घेऊन फिरलो. एका लोकप्रतिनिधींकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा चहा मिळाला, साहेबांनी आमच्यासमोर अर्जावर सही केली, 'करून घेऊ' म्हणाले, आणि पुढे काहीच नाही. चौथ्यांदा गेलो तर साहेब मुंबईला गेलेले. बाहेर बसलेला पोरगा म्हणाला, आत काका आहेत, त्यांना भेटून घ्या.

काका म्हणजे साठीच्या आसपासचे, साधा पांढरा शर्ट, टेबलावर नावाची पाटी नाही. अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, "हे 'नवीन पूल बांधून मिळावा' लिहिलंय ते काढा. 'क्षतिग्रस्त रपट्याची दुरुस्ती करून उंची वाढवणे' असं लिहा, कठड्याचे फोटो लावा, अन् जानेवारी संपायच्या आत परत आणून द्या." बस, एवढंच. नंतर कळलं की नवीन पुलाचं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खातं वेगळं, मंजुरी वेगळी, अन् त्यात पैसाच नव्हता. दुरुस्तीच्या शीर्षात त्या वर्षीचा पैसा पडून होता आणि मार्च संपला की तो परत जाणार होता. चार महिन्यांत काम सुरू झालं. काकांनी एक रुपया मागितला नाही.

काम झालं याचा आनंद आहेच. पण मला तेव्हापासून सारखं वाटते, हा माणूस आहे कोण? याला कोणी निवडून दिलं नाही, हा सरकारी नोकर नाही, पक्षाच्या कोणत्या यादीत नाव नाही. तरी तो उठला की ऑफिसातले सगळे उठतात. साहेबांच्या तीन सह्यांनी जे झालं नाही ते याच्या एका वाक्यानं झालं. वडील म्हणतात, असे लोक पूर्वीपासून होते. होते का खरंच? त्यांची ताकद येते कुठून? आणि अशा माणसाकडून काम करून घेण्यात आपलं काही चुकते का? जाणकारांनी सांगा.

महालचा_मास्तर

वडील बरोबर म्हणतात. मी ३० वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून आधी आपल्या नागपूरचंच सांगतो. पेशवाईत 'साडेतीन शहाणे' म्हणायचे ना, त्यातले एक पूर्ण शहाणे इथले होते, देवाजीपंत चोरघडे, जानोजी भोसल्यांचे कारभारी. बाकीचे दोन पूर्ण म्हणजे पेशव्यांकडचे सखाराम बापू बोकील आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर, जे १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. आणि अर्धे कोण, तर नाना फडणवीस. अक्कल मोठी पण तलवार चालवली नाही म्हणून अर्धे, असं सांगतात. या साडेतिघांत राजा एकही नाही बघा. गादीवर बसणारे दुसरेच, पण लोकांनी म्हण केली ती कारभाऱ्यांवर.

तुमच्या काकांवरून मला नानाच आठवले. फडणविशी म्हणजे काय, तर हिशेब आणि दफ्तर. कुठल्या महालातून किती वसूल आला, कोणाच्या सरंजामात किती बाकी आहे, कोणाला काय देणं आहे, हे ज्याच्या फडात लिहिलेलं त्याला दरबारात कोणी डावलू शकत नाही. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंनी, म्हणजे नानांसकट मुत्सद्दी-सरदारांच्या गटानं, कारभार हाती घेतला, सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते जेमतेम ४० दिवसांचे होते. पाळण्यातल्या पेशव्याच्या नावानं पुढे वीसेक वर्षं राज्य चाललं, १७८२ चा सालबाईचा तह झाला, १७९५ ची खर्ड्याची लढाई जिंकली, आणि या सगळ्यात नानांचा शब्द मोठा. पण हेही लक्षात घ्या की त्याच १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि नानांच्या पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांना कैदसुद्धा भोगावी लागली. ज्याच्या आडून राज्य चालवायचं तोच गेला की मागच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

युरोपात अशा माणसाला 'करडा' म्हणतात, त्याचीही गोष्ट आहे. फ्रान्समध्ये कार्डिनल रिशल्य्यू हा राजाचा मुख्य मंत्री, झगा लाल. त्याचा सल्लागार फादर जोसेफ, कापुचिन पंथाचा साधू, अनवाणी हिंडणारा, झगा करड्या रंगाचा. कार्डिनलला 'एमिनन्स' म्हणून हाक मारायची रीत, म्हणून लोक जोसेफला करडा एमिनन्स म्हणायला लागले. १६३८ मध्ये तो वारला, कार्डिनल न होताच. पण नाव असं चिकटलं की आजही पडद्यामागच्या माणसाला तिकडे हाच शब्द आहे.

आपल्याकडे 'सूत्रधार' म्हणतात, पण मला तो शब्द इथे पटत नाही. नाटकातला सूत्रधार सगळ्यांसमोर येऊन नांदी म्हणतो. आपला जुना शब्दच चांगला आहे, कारभारी.

फाईलीत_गेली_३१_वर्षं

मास्तरांनी इतिहास सांगितला, मी ऑफिसातलं सांगतो. लिपिक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालो, त्यामुळे ही ताकद कुठून येते ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे.

पहिली गोष्ट टिपणी. लोकांना वाटते निर्णय मंत्री घेतात. सही त्यांचीच असते, खरं आहे. पण फाईल खालून वर जाते. सहायक टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव करत ती वर चढते. ज्यानं पहिली टिपणी लिहिली त्यानं ठरवलेलं असते की साहेबांसमोर दोन पर्याय ठेवायचे की एकच, आणि कोणता नियम पहिल्या परिच्छेदात येणार न् कोणता शेवटी परिशिष्टात. दिवसाला शंभर फाईली पाहणारा माणूस परिशिष्ट उघडत नाही. मी स्वतः अशा टिपण्या लिहिल्या आहेत आणि ती जबाबदारी किती मोठी होती हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी गोष्ट शेरा. तुमच्या अर्जावर साहेबांनी सही केली म्हणता, तर सहीच्या वर काय लिहिलं होतं ते पाहिलं का? 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा असला तर खालच्याला समजते की घाई नाही. 'तपासून सादर करावे' असलं तर फाईल परत येईल, पण केव्हा ते देव जाणे. 'तातडीने सादर करावे' आणि खाली तारीख घातली असली तर मग लोक पळतात. या भाषेचा अर्थ ज्याला लागतो तो कामाचा माणूस होतो, मग त्याला पद असो नसो. तुमच्या काकांना तो लागते, वर लेखाशीर्षात पैसा किती उरला हेही ठाऊक असते. म्हणून ऑफिस उठून उभं राहते.

तिसरी गोष्ट दार. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर अध्यक्षांपुढे कोणता कागद जाणार आणि कोण आत जाणार हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवायच्या. मंत्र्यांनाही त्यांच्यामार्फतच जावं लागायचं. त्यांना कोणी मत दिलं नव्हतं. आपल्याकडे हे पाहायचं असेल तर डिसेंबरात पाहा. हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईचं अख्खं मंत्रालय फाईलींसकट नागपुरात उतरते, आमदार निवास, रवी भवन, नाग भवन सगळं भरून जाते. लांबून आलेला माणूस सकाळपासून आमदाराला शोधत असते, अन् ज्याला कळते तो आधी स्वीय सहायकाला शोधतो, कारण साहेब किती वाजता निघणार, कोणत्या दारानं, अन् गाडीत बाजूला कोण बसणार हे त्यालाच माहीत. लक्षवेधी कोणती लागणार, तारांकित प्रश्नाला उत्तर काय तयार होऊन राहिलं, हे सगळं त्या चार खोल्यांत फिरते. बाहेरगावचे लोक नागपूरचं नाव काढलं की पडद्यामागचं म्हणून थेट महालातल्या संघ मुख्यालयावर येतात, भाजपात संघटनमंत्र्याच्या पदावर बहुतेक प्रचारकच येतो ही गोष्ट खरीच आहे. पण माझ्या मते रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे लोक हे टिपणीवाले, शेरावाले अन् दारावरचे. प्रत्येक पक्षात, प्रत्येक ऑफिसात.

काटोलचा_संत्रावाला

भाऊ, तुमचं काम झालं म्हून तुमाले काका चांगला वाटून राह्यला. ज्याचं झालं नाही त्याले इचारा.

आमच्या शिवारातली डीपी, म्हंजे इजेचा ट्रान्सफार्मर, जळली. नंबर आमचा होता, अर्ज आमचा पह्यला होता. अंबिया बहार फुटाचे दिवस, झाडाले पानी पाह्यजे अन् मोटर बंद. दोन म्हैने चकरा मारल्या. मंग डीपी आली, पर बसली दुसऱ्याच्या वावरात, कारन त्याच्या सोयऱ्याचं 'आत' बोलनं झालं होतं. आमची चारशे झाडं होती, फूल गळून गेलं. कोनाले जाब इचारू? साहेबाले इचारलं तर म्हने मले काही मालूम नाही, अन् त्याले खरंच मालूम नव्हतं! ज्यानं केलं त्याचं नाव कुठीच लिहून नाही. म्या त्याले पाह्यलंबी नाही कधी.

मास्तर, तुमी शहाणे म्हनता, आमी भोगनारे लोक त्याले येगळं नाव देतो. निवडून आलेला मानूस पाच सालानं हात जोडून दारात येते, तवा दोन शब्द सुनवता येते. याले कवा सुनवाचं? तुमच्या काकानं पैसा घेतला नाही हे मान्य, पर त्यानं ठरवलं असतं का तुमचं काम करू नाही, तर तुमाले समजलं तरी असतं का?

महालचा_मास्तर

काटोलकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे, त्यातून सुटका नाही. एक जोडतो फक्त. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष, तमिळनाडूचे कामराज, यांचं उदाहरण घ्या. नेहरूंनंतर १९६४ मध्ये शास्त्री आणि १९६६ मध्ये इंदिराजी, दोन्ही वेळा पंतप्रधान ठरवण्यात कामराजांचा शब्द निर्णायक होता, अतुल्य घोष, निजलिंगप्पा, मुंबईचे स. का. पाटील असा सगळा 'सिंडिकेट' म्हणून ओळखला जाणारा गट तेव्हा वजन राखून होता. पण कामराज स्वतः मतदारांपुढे जायचे, आणि १९६७ मध्ये विरुदुनगरला लोकांनी त्यांना हरवलं. स. का. पाटीलही त्याच निवडणुकीत पडले. म्हणजे तिथे निदान दोन शब्द सुनवायची सोय होती. तुमच्या डीपीवाल्यापाशी ती नाही, फरक एवढाच, पण फार मोठा.

वर्धेची_माधवी

काटोलच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. पण पडद्यामागचा म्हणजे लबाडच, असं माझ्याच्यानं म्हणवत नाही, कारण मी वर्धेची आहे.

गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १९१७ पासून त्यांच्यासोबत होते. पत्रं, भेटी, भाषणांच्या नोंदी, कोणाला काय कळवायचं, सगळं त्यांच्या हातून जायचं. गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले तरी महादेवभाईंचं घर वर्धेत मगनवाडीला, आणि ते पायी सेवाग्रामला जायचे, काम करून पायीच परत यायचे. वर्धेचं ऊन ज्यानं मे महिन्यात अंगावर घेतलं त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. मी शाळेत असताना आम्हाला त्याच रस्त्यानं सहलीला चालत नेलं होतं, अर्ध्या वाटेत पोरी रडायला लागल्या. १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेतच ते गेले. त्यांच्या हातात केवढं दार होतं! व्हाइसरॉयपासून सगळे त्या दारातून जायचे. पण त्या दाराचं त्यांनी स्वतःसाठी काही केलं नाही.

जमनालालजी बजाजही तसेच. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष, पुढे वर्षानुवर्षं काँग्रेसचे खजिनदार, म्हणजे पैशाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. खजिनदाराच्या हातात किती असते हे आजच्या पक्षांकडे पाहून कोणालाही समजेल. आणि या माणसानं १९२८ मध्ये वर्धेचं स्वतःच्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना उघडं केलं, सनातन्यांचा राग अंगावर घेऊन. ते पडद्यामागे बसून केलेलं नाही, सगळ्यांसमोर केलं. मला वाटते इथेच माणूस ओळखू येते.

दीक्षाभूमी_रोडची_वकील

माधवीताईंच्या म्हणण्याला धरून, पण मला माणूस चांगला की वाईट यापेक्षा वेगळंच काही महत्त्वाचं वाटते. त्याचं नाव घेतलं जाते का, आणि त्यानं लिहिलेला कागद सगळ्यांसमोर येते का.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब बोलायला उभे राहिले. सभागृह त्यांना श्रेय देत होतं. त्यांनी स्वतः सांगितलं की हे श्रेय सगळं माझं नाही, त्यातला वाटा सर बी. एन. राव यांचा आहे, ज्यांनी मसुदा समितीच्या विचारासाठी पहिला कच्चा मसुदा केला. आणि एस. एन. मुखर्जी यांचाही, जे मुख्य मसुदाकार होते, अवघडातली अवघड गोष्ट सोप्या आणि स्पष्ट कायद्याच्या भाषेत मांडायचे. राव तर संविधान सभेचे सदस्यसुद्धा नव्हते, सल्लागार होते. बरोबरच्या कर्मचाऱ्यांचाही उल्लेख बाबासाहेबांनी केला. मी वकिलीच्या पहिल्या वर्षी ते भाषण वाचलं आणि मला रडू आलं होतं, कारण आमच्याकडे ज्युनिअरनं रात्र रात्र जागून केलेल्या ड्राफ्टवर ज्युनिअरचं नाव कधी येत नाही.

पण नाव घेण्याइतकंच पुढचं महत्त्वाचं. रावांचा तो मसुदा २४३ कलमांचा होता. तो कपाटात राहिला नाही. समितीनं बदलला, छापला, लोकांपुढे ठेवला, त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एका सल्लागारानं लिहिलेलं वाक्य कोणीही उभं राहून 'हे चूक आहे' म्हणू शकत होतं.

आता याच्या उलट न्यूयॉर्कचे रॉबर्ट मोझेस. तेही कायद्याचे मसुदे लिहिण्यात पटाईत. १९३४ मध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे राहिले, सपाटून पडले, त्याशिवाय कधी कुठे निवडून आले नाहीत. तरी १९६८ पर्यंत शहरातले पूल, रस्ते, बागा ते म्हणतील तशा झाल्या. कारण पुलांच्या टोलचा पैसा ज्या प्राधिकरणाकडे यायचा त्याचे ते प्रमुख, आणि त्या प्राधिकरणाचा कायदा असा लिहून घेतला होता की महापौरालाही हात घालता येऊ नये. लोकांची घरं गेली रस्त्यांत, आणि दाद मागायला जागा नाही. काटोलचे दादा जे सांगून राहिले ते नेमकं हेच आहे, फक्त तिथे पूल होता अन् इथे डीपी.

आणि दीक्षाभूमीचा रस्ता माझा रोजचा, म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक नागपुरात आले. वामनराव गोडबोले, तेव्हाचे उपमहापौर सदानंद फुलझेले आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते यांनी ती तयारी उभी केली. नागपूरबाहेर फार कमी लोकांना ही नावं माहीत आहेत. निदान आपण तरी घेत जाऊ.

व्हायोलिनवाला_धंतोली

राजकारण सोडून दुसऱ्या क्षेत्रातलं थोडक्यात सांगतो. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षं गोव्याचे अरेंजर होते. संगीतकार चाल गुणगुणायचा, मग कोणत्या व्हायोलिननं काय वाजवायचं, चेलो कुठे येणार, मधला तुकडा कसा भरायचा, हे स्वरलिपीत लिहून काढणारा माणूस वेगळाच. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. अँथनी सरांकडे प्यारेलालजी व्हायोलिन शिकले. आपण जी गाणी 'अमक्याची' म्हणून ओळखतो त्यांचा अर्धा आवाज या लोकांनी घडवला, आणि तबकडीवर नाव नाही. मी स्वतः ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे वकील ताईंच्या ज्युनिअरबद्दलचं एकदम लागलं.

नाल्याकाठचा

सगळ्यांचे आभार, मनापासून. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काटोलच्या भाऊंचा तो प्रश्न, 'समजलं तरी असतं का', तो डोक्यातून जात नव्हता. खरं सांगतो, समजलं नसतं. आम्ही अजूनही साहेबांकडेच चकरा मारत राहिलो असतो.

काल परत काकांकडे गेलो, एकटाच. म्हटलं, तुम्ही जे आम्हाला सांगितलं ते आम्ही इतरांना सांगितलं तर चालेल का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगा, पण माझं नाव नका घेऊ." मी विचारलं काऊन, तर म्हणाले, "नाव झालं की माझ्याकडे रांग लागते, अन् रांग लागली की साहेबांना आवडत नाही." मास्तरांनी नानांबद्दल लिहिलं होतं ना, पायाखालची जमीन, मला एकदम तेच आठवलं. त्यांचा चेहरा मला जरा थकल्यासारखा वाटला.

तर मी काय केलं, आमच्या अन् शेजारच्या दोन लेआऊटच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. नवीन काम आणि दुरुस्ती यांचं शीर्ष वेगळं असते, अर्ज कधी द्यायचा, फोटो कसे लावायचे, सहीच्या वरचा शेरा वाचायचा. फाईलवाले काका, तुमचंच वाक्य तसंच उतरवलं आहे, चालेल ना? आणि पुढे कोणाचा अर्ज अडला तर नेमका कोणाच्या टेबलावर अडला हे आपल्याला पाहता येते का, की तिथेही कोणाला विचारावं लागते?

फाईलीत_गेली_३१_वर्षं

चालेल, खुशाल लिहा. आणि हो, पाहता येते. माहितीच्या अधिकारात फाईल तपासायचा हक्क आहे, अर्जात 'टिपणीसह संपूर्ण नस्तीचे अवलोकन' असं स्पष्ट लिहा (नस्ती म्हणजे फाईल), नुसती 'माहिती मिळावी' लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर देतील. पानं कमी असली तरी स्वतः जाऊन बसून पाहा, टिपणीच्या पानावर प्रत्येकाची सही अन् तारीख असते, कोणाकडे किती दिवस राहिली ते लगेच दिसते. दुसरं, आपल्या राज्याचा २००५ चा बदल्या आणि दिरंगाईचा कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यानं साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल ठेवू नये असं आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा, फरक पडते.

काटोलकर, तुमच्या डीपीच्या अर्जाची पोच असेल तर तारीख मेसेजमध्ये कळवा. अवलोकनाचा अर्ज मी लिहून देतो, सही तुमची करा.

काटोलचा_संत्रावाला

पोच हाय. मायनं पेटीत जपून ठेवली हाय. उद्या फोटो पाठवतो.